हात पोचत नाही तिथला नट

जयपुरात उभं राहून होडीवर बोलायचं, हे मलाच थोडं विचित्र वाटतंय. इथून समुद्र गाठायचा तर एक अख्खी रात्र आणि वर काही तास लागतात. पण हे शहर होड्यांना अगदीच परकं नाही. 1982 साली दिल्लीत एशियाड झालं तेव्हा नौकानयन हा खेळ त्या स्पर्धेत पहिल्यांदाच आला आणि त्याच्या शर्यती झाल्या आपल्या जयपूरजवळच्या रामगढ तलावात. त्या तलावात आता कित्येक वर्षं पाणी नाही. नव्याने इथे आलेल्या मराठी मुलांना मी तिकडे नेतो आणि सांगतो, इथे वल्ही चालली होती. मुलं माझ्याकडे बघतात, मग मोबाइलकडे बघतात.

मी मूळचा मालवणकडचा. नोकरीनिमित्त सत्तावीस वर्षांपूर्वी जयपूरला आलो, बेअरिंगच्या कारखान्यात टूलरूमला होतो. लोखंड मला कळतं. मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजून भाकरी खाल्ली. म्हणूनच आज जी गोष्ट सांगणार आहे तिची मला लाज वाटते आणि म्हणूनच ती सांगायची आहे.

माझ्या दादाची गावाला होडी आहे. चोवीस फुटी, फायबरची, मागे आउटबोर्ड मशीन. दादाने आयुष्यभर लाकडी होडी चालवली. ही फायबरची होडी पुतण्याने घेतली. तो जाळी मारतो आणि हंगामात पर्यटकांना गळाने मासे पकडायला घेऊन जातो. गळवाल्या पर्यटकांना आवडतं ते सगळं त्याला होडीवर हवं होतं. काठी उभी ठेवायची नळी, म्हणजे रॉड होल्डर, ते चार. मासे दाखवणाऱ्या यंत्राचा स्टँड. दोरीला एक खुंटी. मी डिसेंबरात रजेवर गेलो तेव्हा तो म्हणाला, "काका, तुमी इलास तर बसवून द्या."

मी दहा मिनिटांत एकेक होल्डर बसवला. होडीच्या दोन्ही बाजूंना बसायला पेटीसारखी उंच जागा आहे, तिच्या वरच्या पत्र्यावर. फायबरला आम्ही पत्राच म्हणतो, चालवून घ्या. प्रत्येक होल्डरच्या बुडाला चार भोकं, चार स्टेनलेसचे स्क्रू, खाली बाथरूमला लावतात ते सिलिकॉन. पेटी सगळीकडून बंद, आत हात घालायला जागाच नाही, म्हणून नट-बोल्टचा विचारही केला नाही. स्क्रू घट्ट बसले. मी हलवून पाहिलं. दादानेही पाहिलं. दादा काहीच बोलला नाही, आणि दादा बोलत नाही तेव्हा त्याला ते पसंत नसतं हे मला पन्नाशीतही कळलं नाही.

मार्चमध्ये फोन आला. पुतण्या होडीत एका बाजूकडून दुसरीकडे चालला होता, बाजूने लाट आली, त्याने आधाराला जे हाताला लागलं ते धरलं. तो माझा होल्डर होता. होल्डर चारही स्क्रूंसकट उपटून त्याच्या हातात आला आणि तो पाण्यात गेला. मशीन न्यूट्रलला होतं. गियरमध्ये असतं तर पंखा त्याच्यापासून दोन हातांवर फिरत होता. सोबतच्या मुलाने वल्हं पुढे केलं, त्याला धरून तो वर आला. मला फोनवर म्हणाला, "काय नाय काका, जरासो पाण्यात पडलंय." आईला सांगू नका, हे त्याच्या पुढचं वाक्य.

आता हे का झालं ते पाहू. हा तुकडा बघा, कॅमेऱ्यात दिसतोय ना? हे होडीचंच फायबर आहे, कापून आणलंय. वरचा हा गुळगुळीत पांढरा थर म्हणजे जेलकोट, साधारण अर्धा मिलिमीटर. तो रंग आणि पाण्यापासून संरक्षण, बस. त्यात ताकद नाही, उलट तो काचेसारखा ठिसूळ. त्याच्या खाली काचेच्या धाग्यांची चटई आणि विणलेलं जाड कापड, एकावर एक, रेझिनमध्ये भिजवून वाळवलेलं. होडीच्या बाजूला हे पाच-सहा मिलिमीटर असतं. माझ्या त्या पेटीच्या वरच्या भागाला चारच होतं.

चार मिलिमीटरमध्ये माझ्या स्क्रूचे किती आटे बसले? दोन, फार तर अडीच. स्क्रू पंचवीस मिलिमीटर लांब होता, पण उरलेला सगळा आत पोकळीत लटकत होता. आणि जे अडीच आटे बसले ते कशात? लाकडात स्क्रू गेला की तंतू बाजूला सरकतात आणि स्क्रूला आवळून धरतात. फायबरमध्ये आटा रेझिन फोडत जातो. त्या क्षणी घट्ट वाटतं. पुढे मशीनची थरथर, लाटांचे धक्के, दुपारचं ऊन, यांनी आट्याभोवतीचं रेझिन भुकटी होऊन जातं. स्क्रू तिथेच दिसतो, पण तो फक्त भोकात उभा असतो.

आता जोराचा हिशेब. सुरमई लागली आहे, आणि दोन मीटर काठीच्या टोकाला आठ किलोची ओढ आहे असं धरा. दोन गुणिले आठ, सोळा. बुडाच्या स्क्रूंच्या दोन ओळींत अंतर आठ सेंटिमीटर. सोळा भागिले शून्य पूर्णांक शून्य आठ, म्हणजे दोनशे. मागच्या दोन स्क्रूंवर मिळून दोनशे किलोची ओढ, एकेकावर शंभर. मासा आठ किलोने ओढतोय आणि स्क्रू शंभर किलोने उपटला जातोय. कारण काठी ही पहार आहे, आणि पहारीने काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

माणसाचा हिशेब करा. पासष्ट किलोचा मुलगा, होल्डर पाव मीटर उंच, त्याच्या टोकावर आडवा भार टाकला. पासष्ट गुणिले पाव, परत सोळाच. म्हणजे मासा लागणं आणि माणसाने धरणं, होल्डरला दोन्ही सारखंच. कॅटलॉगमध्ये लिहिलेलं असतं की ही वस्तू काठी ठेवण्यासाठी आहे. हलत्या होडीत कॅटलॉग कोणी वाचत नाही. जे वर आलेलं आहे ते हात धरणारच. म्हणून मी आता होडीवर काही बसवताना पहिला प्रश्न हाच विचारतो की हे धरून कोणी लटकलं तर?

पण हे अर्धंच झालं. दुसरं मे महिन्यात कळलं, आणि ते जास्त वाईट होतं.

महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्याआधी होड्या वर ओढतात. त्या वर्षी दादाची होडी ओढायला नेहमीपेक्षा दोन माणसं जास्त लागली. दादाने पेटीवर बोटाच्या पेराने टकटक केलं, खालपासून वरपर्यंत, जसं कलिंगड बघतात तसं. खालचा आवाज बद्द. पेटीला अगदी तळाशी एक भोक पाडलं आणि पाण्याची धार लागली. सात बादल्या निघाल्या. शंभर किलोच्या आसपास पाणी.

ते आलं कुठून, तर माझ्या भोकांतून. होल्डर उपटल्यावर पुतण्याने भोकांत चिंधी कोंबून वर टेप लावली होती. वर साठलेलं पाणी, उडणारे तुषार, होडी धुतल्याचं पाणी, दोन महिने थेंबथेंब आत. बाकीचे तीन होल्डर जागेवर होते, पण सिलिकॉन सुटलेलं, त्यांचीही भर.

आता ती पेटी बंद का होती? मी तिला बसायची जागा समजलो होतो. ती होडीचा जीव आहे. लाकडी होडी पाण्याने भरली तरी लाकूड तरंगतं. फायबर पाण्यापेक्षा जड. पाणी भरलेली फायबरची होडी मशीनसकट सरळ तळाला जाईल. ती जाऊ नये म्हणून बाजूला आणि नाळेकडे हवाबंद पेट्या ठेवतात, आत थर्माकोल भरतात. होडी उलटली, भरली, तरी लोकांना धरायला काहीतरी वर राहावं. मी त्या पेटीला सोळा भोकं पाडली होती. आत शंभर लिटर पाणी म्हणजे बुडताना शंभर किलोचा आधार कमी. पुतण्या पाण्यात पडला ते सगळ्यांना दिसलं. हे कोणाला दिसलं नव्हतं.

दादा तेव्हा एवढंच म्हणाला, "तू शिकलेलो, म्हणान होडी तुझ्या हातात दिली."

मी जयपूरला परत आलो ते डोक्यात घेऊनच. इथे विश्वकर्मा इंडस्ट्रियल एरियात फायबरची कामं करणाऱ्यांची वर्कशॉप आहेत. लग्नाच्या मांडवाचे खांब, हत्ती, कमानी, देवड्या. जयपूरच्या लग्नात तुम्ही जो संगमरवरी खांब बघता तो बहुतेक वेळा आतून पोकळ आणि चार माणसांनी उचलण्यासारखा असतो. तिथल्या एका उस्तादजींना मी उपटलेल्या होल्डरचा फोटो दाखवला. ते बघून हसले. म्हणाले, "साहब, आपने तो पापड़ में कील ठोंकी है."

मग त्यांनी मला त्यांचा खांब दाखवला. त्या खांबाला बाजूने लोखंडी हात निघतो आणि त्याला पंधरा-वीस किलोचं झुंबर लटकतं. खाली नवरा-नवरी, वऱ्हाडी. ते पडून कसं चालेल? नवीन खांब करताना ते दोन अर्धे जोडायच्या आधीच आतून लाकडाचा ठोकळा चिकटवतात, त्यावर काचेची चटई चढवतात, मग बोल्टला धरायला काहीतरी असतं. पण गिऱ्हाईक जुन्या खांबावर नवीन जागी झुंबर मागतं तेव्हा? खांब बंद, हात जात नाही. माझीच अडचण, फक्त वाळवंटातली.

उस्तादजींनी जे केलं ते मी तुम्हाला करून दाखवतो, कारण आजच्या बोलण्यातली सगळ्यात कामाची गोष्ट ही आहे. तुम्ही पायजम्यात नाडी ओवली असेल. तेच.

ही स्टेनलेसची पट्टी. पाच मिलिमीटर जाड, पंचवीस रुंद, सव्वाशे लांब. हिला दोन भोकं पाडून सहा मिलिमीटर बोल्टचे आटे टॅपने काढलेत. पट्टी रुंद आहे, भोकातून जाणार नाही. पण काठात पुरून बसवायचा जो होल्डर असतो, नळी आत आणि फक्त कडं वर, त्याला मुळातच पन्नास-साठ मिलिमीटरचं भोक लागतं. तेच आपलं दार. पट्टी उभी, लांबट बाजूने त्यातून सहज आत जाते. झुंबराला वायरचं भोक असतं, त्यांची पट्टी त्याहून बारीक असायची, एवढाच फरक.

आधी बोल्टची लहान भोकं पाडून घ्या. प्रत्येक भोकातून तंगूस आत सोडा. कोळ्याच्या घरी तंगुसाला तोटा नाही. वाकवलेल्या तारेने ते टोक मोठ्या भोकातून बाहेर ओढा. आता दोन्ही तंगूस पट्टीच्या दोन भोकांतून घालून खाली जाड गाठ मारा. पट्टीच्या वरच्या बाजूला घट्ट केलेलं इपॉक्सी थापा. पट्टी आत सरकवा आणि वरून दोन्ही तंगूस ओढा. पट्टी आतल्या अंगाला येऊन चिकटते आणि तिची भोकं आपोआप तुमच्या भोकांखाली येतात. एका तंगुसाच्या जागी मेण लावलेला बोल्ट हलक्या हाताने फिरवा, मग दुसऱ्याच्या. मेण विसरलात तर बोल्ट कायमचा तिथेच राहील. मी एकदा विसरलोय. दुसऱ्या दिवशी बोल्ट काढा, होल्डर ठेवा, सीलंट लावून आवळा. मोठ्या भोकाच्या दोन बाजूंना अशा दोन पट्ट्या.

आता ओढ कुठे गेली? अडीच आट्यांवर होती ती पट्टीच्या पूर्ण अंगावर पसरली. होल्डर उपटायचा तर एवढा मोठा तुकडा फोडून न्यावा लागेल.

हे काही नवीन ज्ञान नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर, गोव्यापर्यंत, काथ्याने शिवलेल्या होड्या होत्याच. त्यात खिळाच नाही. दोरी फळीच्या आरपार जाते आणि दोन्ही अंगांनी आवळते. लाकडी होडीच्या सुताराला जाडजूड फळी मिळाली म्हणून तो एका बाजूने खिळा मारू शकला. होडीचं अंग फायबरचं झालं, पातळ झालं, आणि आमचा हात मात्र सुताराच्याच सवयीने चालत राहिला. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या हजारोंनी आल्या, आपल्याकडेही हळूहळू लाकूड महागलं तसं फायबर वाढलं. होडी एका हंगामात बदलते. सवय बदलत नाही.

आता पुढच्या मे महिन्यात मी काय केलं ते सांगतो. पट्टीची युक्ती हातात आली म्हणून सगळीकडे पट्टी लावत सुटलो नाही.

पहिलं, त्या बाजूच्या पेट्यांवर काहीच बसवलं नाही. जुनी सोळा भोकं कानशीने मोकळी केली, आतला भिजका थर्माकोल काढायला पेटी एका जागी कापावीच लागली, महिनाभर पंखा लावून वाळवली, नवा भरला आणि वरून फायबर चढवून बंद केली. इथे एक सांगतो. होडीचं साधं पॉलिएस्टर रेझिन थर्माकोलला लागलं की थर्माकोल विरघळतो, डोळ्यांदेखत खड्डा पडतो. मूर्तिकारांना हे पाठ असतं. म्हणून थर्माकोलजवळ इपॉक्सी वापरा, नाहीतर मध्ये जाड प्लॅस्टिक घाला.

होल्डर आम्ही नाळेकडच्या काठावर नेले, जिथे काठ आतून पोकळ आहे पण ती तरंगायची पेटी नाही. तिथे पट्ट्या ओवल्या. पुतण्याला ते आवडलं नाही, पर्यटकांना मागे बसून काठी दिसायला हवी. मग दोन मागे, पण तिथे काठ एकेरी आहे आणि खालून सरळ हात जातो. हात जात असेल तर नुसता बोल्ट, खाली मोठी चकती किंवा पट्टी आणि नायलॉनच्या कड्याचा नट, जो थरथरीने सुटत नाही. इतकं सोपं. जागा चार बोटं इकडेतिकडे केली की निम्म्या वेळा हात जातोच. आपण आधी जागा ठरवतो आणि मग हात जात नाही म्हणून रडतो.

मासे दाखवणाऱ्या यंत्राचं जे सेन्सर पाण्याकडे बघतं, ते मागच्या सपाट भिंतीला पाण्याखाली स्क्रूने बसवायला सांगतात. ती भिंत म्हणजे फायबरच्या आत प्लायवूड, त्यावर मशीन टांगलेलं. पाण्याखालच्या भोकातून प्लायवूडने पाणी प्यायलं की ते कुजतं, आणि वर मशीन हलायला लागतं. तिथे मी फायबरचाच एक जाड ठोकळा बाहेरून इपॉक्सीने चिकटवला आणि सेन्सरचे स्क्रू त्या ठोकळ्यात घातले, तेही ठोकळ्याच्या जाडीपेक्षा आखूड. उद्या स्क्रू उपटला तरी भोक ठोकळ्यातच राहील. होडीचा तळ एकेरी भरीव फायबरचा असेल तर काही सेन्सर आतल्या बाजूने, तळावर इपॉक्सीत बसवूनही चालतात. आवाज फायबरमधून जातो. मध्ये हवेचा बुडबुडा मात्र नको, आणि तळात लाकूड किंवा फोम असेल तर हे जमत नाही.

चिकटवण्याबद्दल लोक विचारतात की अ‍ॅरल्डाइटने होल्डर का नाही चिकटवायचा. चिकटवलेली गोष्ट सरकवायला गेलात तर फार जोर लागतो. पण एका कडेने उचलली की ती सोलत जाते, पाटावरून पोळी उचलावी तशी. होल्डरला पहारीचा जोर येतो, म्हणजे सोलणाराच. स्टँड, सेन्सर, वायरीच्या पकडी, हे चिकटवा. तेही जेलकोट 80 नंबरच्या पॉलिश पेपरने पूर्ण खरवडून, अ‍ॅसिटोनने पुसून. चकचकीत जेलकोटवर चिकटवलेलं पहिल्या उन्हाळ्यात हातात येतं.

बाजारात आणखी दोन-तीन गोष्टी दाखवतात. रबरी नट, भोकात घालून स्क्रू आवळला की आत फुगतो. हलक्या सामानाला छान, थरथर सोसतो, माणूस लटकण्याला नाही. पॉप रिव्हेट, तो फुगताना फायबर चिरडतो, शिवाय अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर स्टेनलेसशेजारी खाऱ्या पाण्यात झिजून पांढरी पूड होतो. पंख उघडणारा टॉगल बोल्ट भिंतीतल्या पोकळीसाठी आहे, त्याची स्प्रिंग गंजते. उरली ती तपासणीची गोल झाकणं, सहा इंची, आट्यांनी बंद होणारी. पोकळ पण तरंगायची नसलेली जागा असेल तर मला हा सगळ्यात प्रामाणिक मार्ग वाटतो. एकदा झाकण बसवलं की आत हात जातो, आज नट आवळायला आणि पुढे दरवर्षी आत बघायला. लोकांना चांगल्या होडीत सहा इंचाचं भोक पाडायला जीव होत नाही. सोळा लहान भोकं पाडताना मला मात्र काहीच वाटलं नव्हतं.

भोक पाडायची पण रीत आहे. जागेवर कागदी टेप लावा. ड्रिल सुरुवातीला उलटं फिरवा, म्हणजे जेलकोट कापला जाण्याऐवजी घासला जातो आणि टवका उडत नाही. मग सरळ. शेवटी भोकाच्या तोंडाला हलकी खोलगट वाटी करा, बोल्टपेक्षा जराशी मोठी. तसं केलं नाही तर आवळताना जेलकोटला चांदणीसारख्या भेगा जातात. त्या वाटीत सीलंट अंगठीसारखं साठतं, हा दुसरा फायदा. सीलंट पॉलियुरेथेन किंवा पॉलिसल्फाइड. सिलिकॉन लावू नका, ते सुटतं, आणि सुटल्यावर त्या जागी दुसरं काही चिकटू देत नाही. मी ते चार जागी खरवडून काढलंय, मला विचारा. डेकच्या आत प्लायवूड असेल तर भोक आधी मोठं पाडा, ते इपॉक्सीने भरा, वाळलं की त्याच्या मधोमध बोल्टचं भोक पाडा. लाकडाला पाणी दिसतच नाही.

बोल्ट 316 चे मागा. दुकानदार स्टेनलेस म्हणून काहीही देतो, आणि चुंबकाने 304 आणि 316 वेगळे ओळखता येत नाहीत. बिलावर लिहून घ्या.

आणि हे काम मे महिन्यात करा, बंदी लागल्यावर जूनमध्ये नाही. कोकणात तेव्हा हवेत इतकं पाणी असतं की इपॉक्सीवर चिकट थर येतो आणि ओल्या फायबरवर काही धरत नाही. इथे जयपुरात उलटी तऱ्हा. पंचेचाळीस डिग्रीत मग्यात कालवलेलं रेझिन दहा मिनिटांत धूर सोडतं. थोडं थोडं कालवा, पसरट भांड्यात. आणि पॉलिएस्टर रेझिन वापरत असाल तर हार्डनर आणि कोबाल्ट हे दोन कधीही एकमेकांत थेट मिसळू नका, स्फोट होतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग दुसरं.

काम झाल्यावर दादाने ताणकाटा आणला, मासे तोलायचा. होल्डरमध्ये दोन मीटरचा बांबू घातला, टोकाला काटा अडकवला आणि ओढला. आठ किलो. दहा. बारा. बांबू वाकला, होल्डर हलला नाही. मग दादा स्वतः होल्डर धरून बाहेरच्या बाजूला लटकला, सत्तरीतला माणूस, पाय हवेत. वहिनी घरातून ओरडत होती. खाली उतरला आणि पुतण्याला म्हणाला, "आता पाण्यात घाल."

दर मे महिन्यात पुतण्या पेटीवर टकटक करून मला व्हिडिओ पाठवतो. आवाज मी कानाला लावून ऐकतो. या मेमध्येही पोकळच होता.

टेबलावर तुकडे ठेवलेत. हा माझा जुना, अडीच आट्यांचा, तो हाताने उपटून बघा, आणि हा पट्टीवाला. ज्यांना ड्रिल चालवून बघायचंय त्यांनी मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, काचेची पूड दोन दिवस खाजवते. घरी गेल्यावर आधी गार पाण्याने धुवा, गरम पाण्याने नको.